अंबाझरीचा गाळ

नागपूरच्या अंबाझरी तलावावर जलपर्णी पसरली की यंत्रं पाण्यात उतरतात, काठावर हिरवे ढीग लागतात, फोटो निघतात. काही दिवस पाणी मोकळं दिसतं, मग पुन्हा तेच. लोक कंत्राटदाराला नावं ठेवतात. ठेवावीत, पण मूळ दुखणं जलपर्णी नव्हेच. तिच्या देठाचा फुगीर भाग बोटांत दाबून पाहा: आत नुसती स्पंजासारखी हवेची जाळी. म्हणून ती तरंगते, आणि मुळं जमिनीत न रोवता पाण्यातूनच अन्न ओढते. एवढी माजते याचा अर्थ पाण्यात अन्न भरपूर आहे.

ते येतं वाडी आणि हिंगणा एमआयडीसीच्या बाजूने वाहत येणाऱ्या सांडपाण्यातून. (गणेशोत्सवात मूर्तींवर रान उठतं, बारमाही नाल्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.) तळ्याला अपचन होतं. शेवाळ वाढतं, मरतं, तळाशी कुजतं आणि कुजताना प्राणवायू संपवतं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गोम पुढेच आहे. सांडपाण्यातल्या फॉस्फरसचा बराच भाग गाळातल्या लोहाला धरून बसतो. तळाशी प्राणवायू संपला की ही पकड सुटते आणि तो परत पाण्यात येतो. म्हणजे उद्या नाला अडवला, तरी तळं जुन्या साठ्यावर माजत राहू शकतं.

अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये पडणारं सांडपाणी 1963 ते 1968 या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं, आणि काही वर्षांतच पाणी नितळ झालं. पण ते तळं खोल आहे. स्वीडनमधलं ट्रूमेन उथळ. तिथे सांडपाणी आधीच थांबवलं होतं, तरी दशकभर पाणी सुधारेना. शेवटी 1970-71 मध्ये तळाचा गाळ उपसला, तेव्हा कुठे फरक पडला.

आपलं तळंही उथळांतलंच, आणि 1870 च्या सुमाराचं. इतक्या वर्षांत तळाशी काय साचलं असेल! 23 सप्टेंबर 2023 ला ते ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून चर्चा बांधाची आणि सांडव्याची. गाळ त्या हिशेबातही येतो, कारण तोच पाण्याची जागा अडवून बसतो.

मात्र क्रम चुकला तर पैसा पाण्यात. नाला सुरू ठेवून उपसा केला, तर नवा थर बसायला लागतोच. आणि उपसलेला गाळ ठेवायचा कुठे? ट्रूमेनचा खत म्हणून खपला. आपल्याकडेही ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात जातो. पण कारखान्यांच्या वाटेने आलेल्या पाण्याचा हा गाळ शिवारात टाकण्याआधी त्यात जड धातू किती, हे तपासायला हवं. तपासायला लांब जायला नको, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था याच शहरात आहे.