‘ग्रेड वन’ची ओळ

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं येतं आणि घरातली माणसं निर्धास्त होतात. “हे तर हल्ली सगळ्यांनाच असतं!” वाढलेल्या वजनाने, मधुमेहाने दारू न पिणाऱ्यांनाही ते होतं, हे खरं. पण रोज संध्याकाळी ज्याला ‘बसायला’ लागतं, त्याने ही ओळ थांबून वाचावी.

प्यायलेल्या दारूपैकी शेकडा नव्वदहून अधिक भाग यकृतालाच निस्तरावा लागतो. त्या कामात चरबी जाळण्याचं रोजचं काम मागे पडतं आणि ती चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते. दुखत मात्र काहीच नाही. वेदना कळवणाऱ्या नसा यकृताच्या आवरणात असतात, आत नसतात. त्यामुळे माणूस नीट जेवतो, कामावर जातो आणि “मला काही होत नाही” असं अगदी मनापासून सांगतो. डोळे पिवळे होतात, पाय सुजतात, पोटात पाणी होतं, तोवर अनेकांचं यकृत व्रणांनी कडक झालेलं असतं. हाच सिरॉसिस. तिथून पूर्ववत होणं फार अवघड.

नुसती चरबी साचलेली असेल, तर दारू पूर्ण थांबवल्यावर बहुतेकांची ती काही आठवड्यांत उतरते. आजार इतका सहज परत फिरू शकतो आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला किरकोळ म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं. कुणी लिव्हरचं सिरप आणतं आणि पिणं चालूच ठेवतं. त्या सिरपने दारूचं नुकसान भरून निघत नाही. कुणी व्हिस्की सोडून बिअरवर येतं. पण आठ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत साधारण दोन लार्ज पेगांइतका मद्यार्क असतो. यकृताचा हिशेब त्या मद्यार्काशी आहे, बाटलीच्या नावाशी किंवा किमतीशी नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. हात थरथरतात, भ्रम होतो, फिटही येऊ शकते आणि जीवावर बेतू शकतं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. मदतीला माणसंही आहेत. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करत आलं आहे आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना फी लागत नाही.

तो रिपोर्ट तुमच्या घरात आला असेल तर कपाटात ठेवू नका. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि रोज किती पितो, तो आकडा कमी न करता त्यांना सांगा.