कलावंताचा आज्ञाभंग

गेल्या माघांत एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नानिमित्त आम्हांस कोऱ्हाळे बुद्रुक येथें जाण्याचा योग आला. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या पट्ट्यांतलें हें गांव. हल्लीं वरातीपुढें कानठळ्या बसविणारे ध्वनिवर्धक लावण्याची चाल पडली आहे. परंतु वधूच्या आजोबांनीं हट्ट धरल्यामुळें येथें जुन्या पद्धतीचा बँड होता. त्यांत साठीच्या घरांतले एक गृहस्थ क्लॅरिनेट वाजवीत होते. सिनेमांतलें एक चालू गाणें दोनदां सरळ वाजवून झाल्यावर तिसऱ्या खेपेस त्यांनीं मूळ चाल सोडली. ढोलाचा ठेका तोच. पण हे गृहस्थ चालीच्या कडेकडेनें फिरूं लागले. एखादा स्वर पुढच्या मात्रेवर ढकलावा, एखादी मोकळी जागा दुप्पट लयीनें भरावी, समेपाशीं यावें आणि हुलकावणी देऊन निघून जावें, असा प्रकार दोन-तीन मिनिटें चालला असेल. आम्ही उभ्या जागीं थक्क झालों. इतक्यांत नाचणाऱ्या तरुणांपैकीं एक जण ओरडला, "ओ मास्तर, गाणं वाजवा की, गाणं!" मास्तरांनीं मान हालविली आणि गाणें वाजविलें.

तो तरुण चुकला असें चटकन्‌ म्हणवत नाहीं. यजमानांनीं बिदागी दिली होती ती वरात नाचती राहावी म्हणून. ओळखीच्या चालीवर पाय चालतात, अनोळखी चालीवर अडतात. उलट पक्षीं, जन्मभर दुसऱ्यांनीं सांगितलेलें वाजवीत आलेल्या त्या मनुष्यानें तीन मिनिटें स्वतःचें असें कांहीं वाजविलें, आणि त्या रात्रीं संगीत या नांवास पात्र असें काय तें तेवढेंच होतें. त्या तीन मिनिटांवर त्याचा हक्क होता काय? असल्यास कोणाविरुद्ध? ज्याच्या पैशावर कलावंताची चूल पेटते त्याची आज्ञा मोडण्याचा अधिकार कलावंतास आहे कीं नाहीं, हा प्रश्न कांहीं कोऱ्हाळ्याच्या वेशीपुरता नाहीं. ऐंशी वर्षांपूर्वीं न्यूयॉर्क शहरांतील कांहीं कृष्णवर्णीय वादकांनीं तो जितक्या स्पष्टपणें मांडला तितका क्वचितच कोणीं मांडला असेल. त्यांच्या संगीतास बीबॉप म्हणतात, आणि तें अजून आवडीनें ऐकलें जातें. म्हणून त्यांची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों.

१९३५ ते १९४५ या दशकांत अमेरिकेंत जॅझ म्हणजे मुख्यत्वें नृत्याचें संगीत होतें. पंधरा-सोळा वादकांचे मोठाले ताफे, आधीं लिहून ठेवलेल्या रचना, आणि समोर नाचणारीं जोडपीं. एकेका वादकाच्या वाट्यास स्वतःची अशी क्षणभराची जागा येई, तेवढ्यांत काय करावयाचें तें त्यानें करावें. त्याआधींच्या काळांत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत कॉटन क्लब नांवाची प्रसिद्ध जागा होती. तेथें रंगमंचावर कृष्णवर्णीय आणि मेजांपाशीं गोरे, असा रिवाज असे. असलें काम आटोपल्यावर हे वादक मध्यरात्रीनंतर ११८ व्या रस्त्यावरील मिंटन्स प्लेहाउस या लहानशा जागेंत जमत. १९४१ च्या सुमारास तेथें केनी क्लार्क ड्रम वाजवी, थेलोनिअस मंक पियानोवर बसे. ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी, गिटारवादक चार्ली ख्रिश्चन आणि पुढें कॅन्सस शहरचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, हेहि येत. येथें नाच नव्हता, म्हणून नाचणाऱ्यांचा हुकूमहि नव्हता.

काळानेंहि हातभार लाविला. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादकसंघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, त्यामुळें या प्रयोगांचे पहिले दिवस बहुतांशीं जगाच्या कानाआड राहिले. १९४४ सालीं ज्या उपाहारगृहांत नाच किंवा गायन चालतें त्यांवर युद्धकाळचा जबर कर बसला, प्रथम शेंकडा ३० आणि कांहीं महिन्यांनीं शेंकडा २०. नुसतें वाद्य ऐकविणाऱ्या जागा त्यांतून सुटल्या. चार-पांच वादकांचे लहान संच मालकांस परवडूं लागले. प्रतिभेचा इतिहास लिहिणारे सरकारी कराचा उल्लेख सहसा करीत नाहींत. करावयास हवा.

त्यांनीं केलें काय? आपल्या नाट्यसंगीताची एक रीत वाचकांस माहीत आहे: एखाद्या जुन्या चिजेची चाल घ्यावयाची आणि तीवर नवे शब्द बसवावयाचे. बीबॉपवाल्यांनीं याच्या उलट केलें. लोकप्रिय गाण्याची चालच त्यांनीं टाकून दिली. आणि अनेक स्वर एकदम वाजवून पाश्चात्त्य गाण्यास जो पाया दिलेला असतो, ती स्वरसंगतींची साखळी तेवढी ठेविली. चार-चार मात्रांच्या बहुधा बत्तीस खणांची ही साखळी आपल्या आवर्तनासारखी फिरत राहते. तीवर एक नवी, वांकणावांकणांची, वेगवान चाल रचावयाची, आणि मग एकेकानें आपापला विस्तार करावयाचा. २६ नोव्हेंबर १९४५ रोजीं पार्करनें ‘को-को’ ही रचना मुद्रित केली. तिचा पाया ‘चेरोकी’ नांवाच्या प्रसिद्ध गाण्याचा. पहिल्या प्रयत्नांत मूळ चाल वाजूं लागतांच काम मध्येंच थांबविण्यांत आलें, आणि तो अर्धा तुकडा आजहि ऐकावयास मिळतो. मूळ चाल वाजविली तर तिच्या कर्त्यास मानधन द्यावें लागतें, नुसत्या पायावर मात्र कोणाची मालकी चालत नाहीं, असें व्यवहारी कारण त्यामागें सांगतात. त्यानंतर पार्कर जें वाजवितो तें प्रथम ऐकतां केवळ धांवपळ वाटतें. चार-सहा वेळां ऐकल्यावर एकेका वाक्यास आरंभ, वळण आणि विसांवा असल्याचें ध्यानांत येतें. ‘बीबॉप’ हें नांव मात्र निरर्थक बोलांतून आलेलें, आपल्या तराण्यांतल्या बोलांसारखें.

लोक चिडले. यावर नाचतां येईना, तें गुणगुणतांहि येईना. एकट्या वादकाच्या विस्तारास जॅझमध्यें मानाचें स्थान ज्यानें मिळवून दिलें त्या लुई आर्मस्ट्राँगनेंहि या मंडळींची टर उडविली. (पुढें १९५९ सालीं तो आणि गिलेस्पी दूरचित्रवाणीवर एकत्र हंसले-वाजविले, हेंहि नमूद केलें पाहिजे.) टीका अगदींच पोकळ होती असें नाहीं. टॉल्स्टॉयनें ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथांत जें प्रतिपादन केलें त्याचा रोख हाच, कीं थोर कला ती जी साध्या शेतकऱ्यास भिडते. आपल्याकडे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नांवांशीं जोडला गेलेला ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद तर कित्येक घरांत जेवतांना रंगला असेल. पण त्या वादांत कलावंत आणि समाज असे दोनच पक्ष धरले गेले. पैसे मोजून ‘हें वाजव’ म्हणणारा जो तिसरा पक्ष, तो समाजाच्या आड उभा राहिला आणि कोणाच्या नजरेस आला नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं फर्माईश नाकारणें आणि श्रोता नाकारणें या भिन्न गोष्टी आहेत. मिंटन्समध्यें श्रोते होतेच, आणि ते जगांतले सर्वांत कठोर श्रोते होते. कारण ते स्वतः वादक होते. १९३६ सालीं कॅन्सस शहरांतल्या एका बैठकींत अजून सोळा वर्षेंहि पुरीं न झालेला पार्कर वाट चुकला, तेव्हां जो जोन्स या ड्रमवाल्यानें आपली झांज काढून त्याच्या पायांपाशीं फेंकली आणि सगळे हंसले. पुढल्या उन्हाळ्यांत हा मुलगा ओझार्क डोंगरांकडे काम धरून गेला आणि तेथें लेस्टर यंगच्या तबकड्या घोटून घोटून परतला. ज्यास ऐकणाऱ्याची पर्वा नाहीं तो असलें कांहीं करीत नाहीं. १५ मे १९५३ रोजीं टोरांटो येथें पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच एकत्र आले. त्याच संध्याकाळीं मुष्टियुद्धाची मोठी लढत होती, सभागृह बरेंचसें रिकामें होतें, आणि पार्करच्या हातांत प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. त्या रात्रींचें मुद्रण ऐकून ही मंडळी रिकाम्या खुर्च्यांस कमी लेखून वाजवीत होतीं असें कोणीं दाखवून द्यावें.

आपल्याकडेहि याचें उदाहरण आहे. तारुण्यांत अतिगायनानें आवाज बसल्यावर अल्लादियाखांसाहेबांनीं त्या बसलेल्या आवाजास झेपेल अशी, परंतु ऐकणाऱ्याची परीक्षा पाहणारी, पेंचदार गायकी घडविली. कोल्हापूर दरबारचा हा गवई १९४६ सालीं वारला. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनीं श्रोत्यांपुढें कधींहि मान तुकविली नाहीं. ध्वनिमुद्रणेंहि मोजकींच दिलीं. १९७७ सालीं, ज्या वर्षीं त्या वारल्या त्याच वर्षीं, व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळांत गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगचा ट्रंपेटहि आहे. बीबॉपचा तुकडा तीवर नाहीं, याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें.

तथापि अल्लादियाखांसाहेब दरबारी गवई होते. वाजंत्र्याची गोष्ट निराळी, आणि आमच्या मतें बीबॉपचें मर्म तेथें आहे. आपल्या गांवांत वाजविणें हें होलार, मातंग अशा समाजांच्या माथीं जन्मानें मारलेलें काम होतें. देवळाच्या दारांत वाजवावें, आंत जाऊं नये. लग्नांत वाजवावें, पंगतींत मात्र शेवटीं बसावें. त्यांचें कौशल्य सर्वांस हवें असे, त्यांचें मत कोणीं विचारीत नसे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकानेंहि वाजवावें आणि हंसतमुख असावें, एवढीच अपेक्षा होती. व्हायोलिनवादकास जसें बसून ऐकतां तसें आम्हांस ऐका, ही मागणी या लोकांनीं केली. ती फुकट मिळाली नाहीं. १९४५ सालीं पोलिसांनीं केलेल्या मारहाणीनंतर बड पॉवेलची प्रकृति कायमची ढांसळली. मंकचा परवाना १९५१ सालीं काढून घेण्यांत आला आणि सुमारें सहा वर्षें न्यूयॉर्कच्या क्लबांचीं दारें त्यास बंद राहिलीं. ज्यास कोणीच आज्ञा करीत नाहीं अशा धनिक हौशी माणसानें मनास येईल तें वाजविलें तर त्यांत कांहींच मोडत नाहीं. येथें मोडत होतें, आणि तें ऐकूं येतें. ड्यूक एलिंग्टननें नाचासाठीं रचलेलें संगीतहि टिकलें आहे, हें आम्ही विसरत नाहीं. पण बीबॉप ज्या तरुणास आवडतें त्यास तें नुसतें गोड लागत नाहीं, आपणांस कोणीं बरोबरीचा मानून बोलत आहे असें वाटतें.

आतां जें अवघड आहे तें. पार्कर १२ मार्च १९५५ रोजीं वारला तेव्हां चौतीस वर्षांचा होता. डॉक्टरनें देह पाहून वय पन्नासांच्या पुढें असावें असा अंदाज केला. अफूपासून काढलेल्या हेरॉइनचें व्यसन त्यास कोवळ्या वयांतच लागलें होतें. तो तरुणांस यापासून परावृत्त करी, पण त्याच्यासारखें वाजवूं पाहणाऱ्या कित्येकांनीं त्याचें वादन उचलण्याआधीं त्याची सुई उचलली. मालकाची आज्ञा मोडणाऱ्यास स्वतःची आज्ञाहि पाळवेनाशी होते काय? होतेच असें नाहीं. गिलेस्पी याच बंडांतला, तो पंचाहत्तर वर्षें जगला, रंगमंचावर विनोद करी आणि जो येईल त्यास पियानोपाशीं बसवून स्वरसंगति समजावून सांगे. पण पार्करच्या चाहत्यांनीं त्याचा नाश हा त्याच्या प्रतिभेचा दागिना करून मिरविला, हें आम्हांस क्षम्य वाटत नाहीं. सनी रॉलिन्स या त्याच्या धाकट्या वारसानें व्यसन सोडलें. नांवलौकिक झाला असतां वाजविणें थांबवून १९५९ पासून सुमारें दोन वर्षें न्यूयॉर्कच्या एका पुलावर एकट्यानें मेहनत केली. आणि त्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या पवई येथील आश्रमांत येऊन राहिला. १९७८ सालीं मुंबईच्या जॅझयात्रेंत त्याचें वादन झालें.

मुंबईचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत आला, आणि चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांनीं तें संगीत कानांत सांठविलें. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले आंतोनियु व्हाझ आर्मस्ट्राँगला गुरु मानीत. दारूबंदीनंतर क्लब ओसरले, तेव्हां यांपैकीं बहुतेक जण सिनेमाकडे वळले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनीं १९५१ च्या ‘अलबेला’साठीं चिक चॉकलेट यांचा ताफा घेतला. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्यांनीं इतरांच्या चालींस वाद्यवृंदाचा सारा साज चढविला. पडद्यावर मात्र त्यांचीं नांवें सहसा आलीं नाहींत. यांनीं आज्ञा मोडली नाहीं. सांगितलेलें वाजविलें आणि दोन कडव्यांमधल्या पोकळींत, कोणाच्या ध्यानांत येणार नाहीं अशा बेतानें, आपलें कांहीं ठेवून दिलें. मिंटन्सच्या मंडळींपुढें हे कमी ठरतात काय? आमचें मन येथें अडखळतें. एवढें खरें कीं नीरेकाठच्या माणसाच्या कानांपर्यंत जॅझचा जो अंश पोंचला तो यांच्याच हातून.

दुसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं आम्ही मास्तरांस शोधून काढलें. ते मंडपाच्या कडेस क्लॅरिनेटची पत्ती पुशीत बसले होते. चहा झाला. रात्रीं मध्येंच वाजविलेलें तें पुन्हां एकदां ऐकवाल का, अशी आम्हीं भीत भीत विनंती केली.

"ही पण फर्माईशच की, साहेब," ते म्हणाले. मग वाद्य जोडलें, आणि ‘अलबेला’तलें एक जुनें गाणें आरंभापासून शेवटपर्यंत, एकहि स्वर न हालवितां, सरळ वाजवून दाखविलें.