देवाच्या दौलतीचा वारस

देवाला वाहिलेले द्रव्य केवळ देवाचेच राहते, की ज्या रयतेच्या श्रमातून ते उपजले तिचाही त्यावर काही हक्क उरतो, हा प्रश्न १९३२ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात देवस्थान-संपत्तीच्या विधेयकाने उपस्थित केला. आणि तो मांडणारा कोणी नास्तिक नव्हता, तर अमरावती जिल्ह्यातील पापळच्या शेतकरी घरात जन्मलेला, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उद्गम आणि विकास या विषयावर विलायतेत प्रबंध लिहून परतलेला बॅरिस्टर होता. या पंजाबराव देशमुखांचे चरित्र शिक्षणसंस्थांच्या यादीत गुंडाळून ठेवण्याची आपली रीत आहे. त्यांचा हा धर्मविचार मात्र सहसा कोणी उलगडत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मूर्ती ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती, परंतु अज्ञान बालकासारखी. तिचा कारभार वहिवाटदाराने पाहायचा. आता एखाद्या भाविकाने नंदादीपासाठी शेत लावून दिले असेल, तर तेल-वातीच्या खर्चापलीकडचे उत्पन्न अशा विधेयकाने शाळेकडे वळविणे हा दात्याच्या संकल्पाचा भंग नव्हे काय? हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. दिलेला शब्द मोडण्याची सवय लोकहिताच्या नावाने लागली, तरी ती सवयच. पण संकल्प दिव्याचा होता, शिलकीचा नव्हे. आणि समईतली वात ज्या कापसाची, तो वेचणाऱ्या बाईला त्या गाभाऱ्याची पायरीही वर्ज्य असेल, तर दात्याचे पुण्य नेमके कोणाच्या खाती जमा धरावे? अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी १९२७ साली सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, तिच्या पाठीशी पंजाबराव होते, हे येथे विसरता येत नाही.

वेदांतील ऋषी इंद्राला हवी देतो तेव्हा पाऊस, गाई, संतती निःसंकोच मागतो. त्या देवघेवीत देवाजवळ धन साचून राहण्याची कल्पनाच नाही. अशा वाङ्मयाच्या अभ्यासकाला साचलेली देवदौलत खटकली असल्यास नवल नाही, असे माझे अनुमान आहे.

मात्र देवाकडे हात पसरण्यापूर्वी त्यांनी तो आपल्याच माणसांपुढे पसरला होता. १९२८ पासून अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि शिक्षणासाठी कर वाढविला. तो भरणारे बहुतेक त्यांच्यासारखेच कुणबी-शेतकरी होते.