उपविधींची छाननी

विधिमंडळ कायदा करते, पण त्याचा रोजचा तपशील लिहीत बसत नाही. ते काम कायद्यातूनच सरकारवर आणि पुढे खालच्या यंत्रणांवर सोपवले जाते. त्यातून जे नियम आणि उपविधी तयार होतात, त्यांना दुय्यम विधिविधान म्हणतात. खानदेशातल्या बोदवडच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पोते उतरले की शेतकऱ्याची गाठ पडते ती यांच्याशीच. १९६३ च्या राज्य पणन कायद्याने बाजार समित्यांना अधिकार दिले, १९६७ च्या नियमांनी कारभाराची चौकट आखली आणि त्या चौकटीत प्रत्येक समिती आपले उपविधी करते. मूळ कायद्यापासून जितके खाली उतरावे, तितका कागद शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीजवळ येतो. हमाली, तोलाई, लिलावाची रीत या गोष्टी त्याला कायद्याच्या कलमांपेक्षा कितीतरी जवळच्या आहेत.

छाननीचा क्रम मात्र नेमका उलटा आहे. सरकारने केलेले नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात आणि सभागृहांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. लोकसभेत अशा नियमांच्या तपासणीसाठी १९५३ पासून स्वतंत्र समिती आहे. उपविधींना हा मार्ग नाही. त्यांना पणन संचालकांची किंवा तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी मिळाली की पुरे. म्हणजे ज्या कागदाचा शेतकऱ्याशी थेट संबंध, तोच लोकप्रतिनिधींच्या नजरेआड राहतो.

न्यायालयाचा दरवाजा उघडा असतो. बोदवडच्या शेतकऱ्यासाठी तो मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आहे. पण तिथे मुख्यतः एवढेच पाहिले जाते, की उपविधी मूळ कायद्याच्या आणि संविधानाच्या मर्यादेत आहे का. तो शहाणपणाचा आहे का, काळाला धरून आहे का, हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे. शिवाय वजनातून वजा होणाऱ्या काही किलोंच्या कटतीसाठी रिट याचिका करणे कुणाला परवडणार?

वरून होणारी देखरेख कशी चालते, याचे उदाहरण अडतीचे, म्हणजे अडत्याच्या दलालीचे, आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी शेतकऱ्यांकडून अडत घेऊ नये असा आदेश काढला. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि काही दिवसांतच सरकारने त्याला स्थगिती दिली. पुढे जुलै २०१६ मध्ये अध्यादेश काढून फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त करण्यात आला आणि त्यावरील अडत खरेदीदाराकडे गेली. अडतीच्या प्रश्नावर मते वेगळी असू शकतात. पण ज्या आदेशाचा परिणाम राज्यभरच्या शेतकऱ्यांवर होणार, तो निघणे आणि थांबणे हे सारे मंत्रालय आणि संचालनालय यांच्यातच उरकले. पट्टीवरून ज्याचे पैसे कापले जात होते, त्याचे म्हणणे ऐकण्याची ठरलेली पायरी त्यात कुठेच नव्हती. ही पहिली उणीव.

बाजार कायद्यांचा उगम पाहिला, तर ही उणीव अधिकच खटकते. खानदेशाच्या शेजारी, वऱ्हाडात, कापूस बाजारांसाठी १८९७ सालीच कायदा झाला. मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा १९२७ चा. वजनात आणि भावात होणारी फसवणूक रोखणे हा या कायद्यांचा मूळ हेतू. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या व्यवस्थेत त्याचेच म्हणणे ऐकले जाऊ नये, हे या हेतूलाच धरून नाही.

दुसरी उणीव काळाची आहे. नियमाची तपासणी होते ती तो जन्माला येताना. पुढे तो कसा वापरला गेला, कुणाला अडवले, कशाची गरज उरली नाही, हे पाहण्याची ठरलेली वेळ नाही. पोत्याऐवजी ट्रॉलीतून सुटा माल येऊ लागला आणि वजनाला इलेक्ट्रॉनिक काटा आला, तरी जुनी वाक्ये तशीच लागू राहू शकतात.

यावर उपाय अवघड नाहीत. उपविधीचा मसुदा मंजुरीआधी बाजार आवारात मराठीत लावावा, हरकती घ्याव्यात आणि मंजुरी देताना प्रत्येक हरकतीचे लेखी उत्तर जाहीर करावे. दर पाच वर्षांनी उपविधींची फेरतपासणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा. सरकारने १९६७ च्या नियमांत दुरुस्ती करून याची सुरुवात करावी.