नमुना की माणूस?

१८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारच्या आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही. जातीचा वा जमातीचा उल्लेख तेवढा आहे. माणसाचा असा नमुना झालेला पाहून आम्ही व्यथित होतो.

परंतु होळीपूर्वी भगोरियाचा हाट पाहण्यास आम्ही इंदूरकर झाबुआकडे जातो आणि चांदीचे दागिने ल्यालेल्या भिल्ल तरुणीसमोर कॅमेरा धरतो, तेव्हा आमची दृष्टी त्याहून निराळी असते काय? ‘विचारले, ती हसली, म्हणून टिपले’ असे आम्ही समाधान मानतो. ते हसू होकाराचे की संकोचाचे? परक्या, सुखवस्तू पाहुण्याला गर्दीत नकार देणे सोपे नसते. आणि जेथे नकाराला जागा नाही, तेथील होकाराला संमती म्हणता येत नाही.

म्हणून आम्हांला वाटते, कॅमेऱ्याआधी चार शब्द बोलावेत, नाव विचारावे आणि तिने मान वळवली तर मुकाट्याने पुढे जावे. देवघरात जपाला बसलेल्या आपल्या आजीचे चित्र एखाद्या अनोळखी प्रवाशाने असेच नेले असते, तर ते आपल्याला रुचले असते काय?