तात्यांची लढाई

आमच्या गावात फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. मग तो शिपाई असो, नाहीतर लंगरात रोट्या भाजणारा असो. माझे धाकटे चुलते, तात्या, पंधरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होते. तरी गावाचे ते मेजरच. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण हात धजत नव्हता. कारण त्यात माझीपण एक चूक आहे.

१९७१ च्या लढाईत तात्या राजस्थानच्या बाजूला होते. पुढं सुट्टीवर आले की हुरड्याच्या दिवसांत रानात आगटीभोवती आम्ही पोरं त्यांना घेरून बसायचो. "तात्या, लढाईचं सांगा की!" मग कणसं चोळता चोळता ते सांगायचे, "लढाई कसली रं, आमी पाणी वाहिलं. रातच्याला लाईट बंद करून टँकर चालवायचा. वाळूत चाक रुतलं की हवा कमी करायची, खाली पत्रं सारायचं आन् ढकलायचं. पाणी सांडलं तर सायेब काय खायाचा न्हाई, पर म्होरं बसलेल्या पोरांची त्वांडं डोळ्याम्होरं यायची."

आम्हाला हे फिकं वाटायचं. आम्हाला बंदूक पाहिजे होती. पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. लढाई संपल्यावर ते रजेवर आले ते ७२ च्या दुष्काळात. मी बारा वर्षांचा असेन. घरची हीर कोरडी ठाक, आई आणि चुलती दुष्काळी कामावर खडी फोडायला. मी सुकडीच्या रांगेत. तात्या ट्रंक घेऊन घरी आले तर दाराला कुलूप. तसेच रस्त्यावर गेले, चुलतीच्या हातातला हातोडा घेतला आणि दिवसभर खडी फोडली. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तिकडं वाळवंटात पाणी पोचवून आलो आन् हितं घरात घागर पालथी."

पुढं १९९७ साली 'बॉर्डर' आला. जे. पी. दत्तांचा पिक्चर, लोंगेवालाच्या लढाईवरचा. सगळीकडं त्याचीच गाणी. आम्ही आठ-दहाजण एसटीनं सोलापूरला गेलो, तात्यांना मुद्दाम बरोबर घेतलं. थिएटरात पोरं ओरडत होती, बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मीपण रडलो, खोटं कशाला सांगू. बाहेर आल्यावर स्टँडवर चहा पिताना विचारलं, "तात्या, असंच असतंय का?" तात्या बशीत बघत म्हणाले, "आवाज तसाच असतोय." बाकी काही बोलले नाहीत.

त्याच वर्षी स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. १५ ऑगस्टला शाळेत मोठा कार्यक्रम होता. माईक माझ्या हातात. मी म्हणलं, "पिक्चरमध्ये तुम्ही जी लढाई बघितली, ती लढलेला माणूस आपल्या गावात आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि हात जोडले. लोंगेवालाची चौकी तात्यांनी कधी डोळ्यांनी बघितलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. खोटं पहिल्यांदा त्यांनी नाही बोललं, मी बोललो.

मग दरवर्षी झेंड्याला तात्यांचं भाषण ठरूनच गेलं. पोरांना रणगाडे पाहिजेत. पहिल्या वर्षी रणगाडे लांब होते. नंतर ते जवळ आले. मग तात्या खंदकात आले. दहा-बारा वर्षांत पाण्याचा टँकर गोष्टीतनं पार निघून गेला. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला टीव्हीवर तो पिक्चर लागायचा आणि तात्या नातवंडांना घेऊन बघत बसायचे. दोन हिरींचं पाणी एका पाटात सोडल्यावर कुठलं कुठल्या हिरीचं हे कोण सांगणार? तात्या खोटं बोलत होते असं मला आजही म्हणवत नाही.

यात बिघडलं काय, असं कुणीही विचारेल. मीपण स्वतःला तेच सांगायचो. पोरांना स्फूर्ती मिळते, म्हाताऱ्याला मान मिळतो. पण तात्यांचा नातू भरतीसाठी पहाटे डांबरीवर पळायला लागला, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. त्यानं फौजेत जाऊ नये असं नाही. पण तो ज्या लढाईसाठी पळत होता, ती मी माईकवर तयार केलेली होती.

तेव्हापासून मी लोंगेवालाबद्दल मिळेल ते वाचू लागलो. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, तेवीस पंजाबची एक कंपनी, सव्वाशेच्या आत-बाहेर माणसं. समोर रणगाड्यांची रांग आणि दोन हजारांच्या आसपास सैन्य. त्यांनी रात्रभर चौकी सोडली नाही. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि वाळूत अडकलेले रणगाडे त्यांनी टिपले. कुणाचं श्रेय किती, यावर पुढं फौजेतल्या आणि हवाई दलातल्या लोकांत वाददेखील झाला. पण मला चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. पिक्चरमध्ये आपली माणसं एकामागून एक पडतात. खऱ्या लढाईत त्या चौकीवर आपली दोन माणसं गेली. बाकीचे जगले.

म्हणजे चांदपुरींनी आपली जवळजवळ सगळी माणसं जिवंत ठेवली. याच्यापरीस मोठं काम कुठलं? त्यांना महावीर चक्र मिळालं आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण आपल्याला रडायला मरण लागतं. जगलेल्या माणसावर पिक्चर निघत नाही, निघालाच तर त्यात त्याला मारावं लागतं.

हे मी उगाच म्हणत नाही. त्या पिक्चरमध्ये सुनील शेट्टीनं केलेला भैरोसिंग आठवत असेल. रणगाड्याशी झुंजत तो मरतो. खरे भैरोसिंग राठोड सीमा सुरक्षा दलाचे, जोधपूरकडचे. लोंगेवालाच्या शौर्याबद्दल त्यांना सेना मेडल मिळालं होतं. पिक्चर आला तेव्हा ते जिवंत होते आणि नंतरही पंचवीस वर्षं जगले. डिसेंबर २०२२ मध्ये ते गेले, तेव्हा मी पेपरात बातमी वाचली.

दत्तांना दोष द्यावा असंही वाटत नाही. त्यांचा भाऊ हवाई दलात वैमानिक होता आणि विमान पडून गेला. ज्याच्या घरातलं माणूस परत आलं नाही, त्याला मरणच मोठं दिसणार. आणि पिक्चरचे आपल्यावर उपकार आहेतच. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. वय अवघं बत्तीस. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर पिक्चर काढला, स्वतः कोटणीस झाले. माझ्या वडिलांना शाळा माहीत नव्हती, पण जत्रेतल्या तंबूत तो पिक्चर बघून त्यांना कोटणीस माहीत होते. पण कोटणीसांच्या पत्नी गुओ चिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. पिक्चरवाल्या आम्हा लोकांच्या मनात त्यांचा चेहरा जयश्रीबाईंचाच राहिला. गेलेल्याला पिक्चरनं जागा दिली. मागं राहिलेलीनं पुढं सत्तर वर्षं कशी काढली, ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

भैरोसिंगांची बातमी घेऊन मी तात्यांकडं गेलो. मोठ्यानं वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी पंचवीस वर्सं त्यो माणूस लोकांस्नी 'मी जित्ता हाय' म्हणून सांगत बसला आसंल."

मी म्हणलं, "तात्या, त्या वर्षी माईकवर मी चुकलो. तुम्हाला नसत्या खंदकात मीच बसवलं."

"तू बसीवलंस," तात्या म्हणाले, "पर उठायचं तर माज्या हातात हुतं का न्हाई? बरं वाटलं लेका मला. टँकरला कोन टाळ्या वाजवतंय?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पुढच्याच महिन्यात २६ जानेवारी. तात्या काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, मी रणगाडा फोडला न्हाई. मी पाण्याचा टँकर चालवत हुतो." मागं उभी असलेली मोठी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. माझी मान खाली. पण पोरं हलली नाहीत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी घेऊन उभं राहणं काय असतं, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. चौथीतली एक पोरगी उठली आणि तिनं विचारलं, "आजोबा, टँकर आला नसता तर सैनिकांनी काय केलं असतं?"

तात्या थोडं थांबले. मग म्हणाले, "म्हनूनच त्यो पोचवायचा आस्तोय, बाळ."

टाळ्या थोड्याच वाजल्या. नातू माझ्या शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा पळायला गेला. परत आल्यावर मात्र तात्यांच्या बाजेवर बसला आणि वाळूत चाक रुतल्यावर हवा नेमकी किती कमी करायची, ते विचारत होता.