फिरतो तोच भार वाहतो

जुन्या पिकअपच्या मागच्या चाकाजवळ या. बसा. घाई नको. पुढच्या चाकांना दगड लावलेत, मागचा भाग जॅकने उचलून घोड्यांवर टेकवलाय. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

आधी ब्रेक ड्रमच्या पाठीमागे पाहा. काळपट ओल उतरलीय. बोट लावून वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला, तर हे गिअर ऑइल. दात्यांमध्ये ते हवंच, नाहीतर दाते एकमेकांना खाऊन टाकतील. तेच तेल थोडं पुढे सरकून ब्रेकच्या लायनरवर गेलं, की गाडी थांबायची पंचाईत. तेल तेच, जागा चुकलेली. ही जागा राखत होती रबराची एक पातळ कड आणि तिला आवळून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग. म्हणजे ऑइल सील. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू हीच.

समजा, ही फोर्डची जुनी एफ-१५० आहे, मागे ८.८ इंची एक्सल असलेली. (८.८ इंच हा आतल्या क्राउन चक्राचा व्यास.) इथे जरा थांबून बैलगाडीचा आख आठवा. आख जागचा हलत नाही, चाक त्याच्यावर फिरतं. फिरणं एकाचं, भार दुसऱ्याचा. या पिकअपमध्ये अशी वाटणीच नाही. एकच दांडा चाक फिरवतो आणि वजनही पेलतो. त्यातून इथल्या बेअरिंगला आतली वेगळी रिंग नसते. रोलर थेट दांड्यावर धावतात. म्हणजे बेअरिंगचा अर्धा भाग दुकानातून येतो आणि उरलेला अर्धा दांड्याच्या अंगावरच असतो. हे सावकाश मनात मुरू द्या.

आता एक्सलचं मागचं झाकण सैल करा. तेल थाळ्यात उतरायला वेळ घेईल, घेऊ द्या. मधली पिन धरून ठेवणारा लहानसा लॉकबोल्ट हलक्या हाताने सोडवा. वर्षानुवर्षं अडकलेला असतो, जोर केला की मोडतो. पिन निघाली की काहीही फिरवायचं नाही. एक चाक जरी वळलं, तरी आतली लहान चक्रं घरंगळून जागा सोडतात. हात काढून घ्या, एक श्वास घ्या. मग दांडा किंचित आत ढकला. सी अक्षराच्या आकाराची क्लिप सुटून हातात येईल. तळहातावर ठेवून पाहा. चाक गाडीतून निसटू नये म्हणून होती ती एवढीच.

दांड्याचं वजन हातावर तोलून तो सरळ बाहेर घ्या. पुसा, उजेडात धरा. रोलर जिथे धावत होते तो पट्टा डोळ्यांनी पाहून भागत नाही, त्यावरून नख फिरवा. गुळगुळीत लागला तर बरंच. खड्डे लागले, तर कितीही भारी बेअरिंग आणा, ते त्याच खड्ड्यांवर धावणार. थोडं सरकून, न झिजलेल्या जागी चालणारी दुरुस्तीची बेअरिंगं बाजारात मिळतात. किरकोळ झिजेला ती चालतील. खोल खड्डे असतील तर मी नवा दांडाच घेईन.

मग एक प्रश्न उरतो: सील गेलंच कशाने? झिजलेल्या बेअरिंगमुळे दांडा डुगडुगत असेल. किंवा हाउसिंगवरचा ब्रीदर बघा. गाडी चालताना तेल तापतं, आतली हवा फुगते आणि या वाटेने निघून जाते. ब्रीदर चिखलाने बुजला की कोंडलेला दाब तेलाला सीलमधून बाहेर काढतो. दोष सीलच्या माथी येतो, बिचारं शेवटपर्यंत झगडत असतं. ब्रीदर साफ न करता नवं सील बसवणं म्हणजे त्यालाही त्याच दाबाच्या तोंडी देणं.

बसवताना सील तिरकं जाऊ देऊ नका, त्याच्या कडेला ग्रीस लावा. दांडा आत नेताना त्याचं वजन त्या कडेवर टेकू देऊ नका. टोकाच्या खाचा नवं रबर क्षणात कापतात. क्लिप, पिन, बोल्ट, झाकण झालं की भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत तेल भरा. आणि तेल प्यायलेले लायनर धुऊन पुन्हा लावू नका. दोन्ही चाकांचे बदला.